स्मृतिभ्रंश आणि सहायक तंत्रज्ञान

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे दैनंदिन व्यवहार, सुरक्षितता आणि इतरांशी असलेला संपर्क शक्य तितका काळ टिकवून ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांना, उपकरणांना आणि प्रणालींना स्मृतिभ्रंशासाठीचे सहायक तंत्रज्ञान असे म्हणतात. भिंतीवरील ठळक अंकांचे घड्याळ व आठवड्याच्या गोळ्यांची डबी यांसारख्या साध्या वस्तूंपासून उपग्रहांच्या साहाय्याने ठिकाण कळवणारी यंत्रे, दारावरचे संवेदक आणि बोललेल्या सूचना ओळखणारी उपकरणे यांपर्यंत अनेक साधनांचा त्यात समावेश होतो. ही साधने आजार बरा करीत नाहीत आणि त्याची वाढही थांबवत नाहीत. क्षीण झालेल्या क्षमतेची काही अंशी भरपाई करणे आणि देखभाल करणाऱ्यांचा भार हलका करणे हा त्यांचा उद्देश असतो. भारतात अशा व्यक्तींची देखभाल मुख्यतः घरातच पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा सून करीत असल्यामुळे हा विषय बहुतेक वेळा आई-वडिलांच्या शुश्रूषेशी जोडला जातो. साधनाची किंमत वा आधुनिकता यांपेक्षा ते आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या गरजेसाठी वापरले जाते, यावर त्याचा उपयोग अधिक अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

स्मृतिभ्रंश म्हणजे स्मरण, विचार, भाषा, दिशाभान आणि निर्णयक्षमता यांचा ऱ्हास घडवणाऱ्या लक्षणांचा समूह होय. व्यवहारात त्याला डिमेन्शिया असेही म्हटले जाते. अल्झायमरचा आजार हे त्याचे सर्वांत मोठे कारण असून एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तो आढळतो. या आजाराचे पहिले वर्णन जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये केले. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाड हे दुसरे महत्त्वाचे कारण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होते आणि त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक अल्प व मध्यम उत्पन्न असलेल्या देशांत राहत होते. भारतातील एका राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ६० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. देखभालीचा भारही मुख्यत्वे स्त्रियांवर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या देखभालीसाठी लागणाऱ्या एकूण तासांपैकी ७० टक्के तास स्त्रिया देतात.

अल्झायमरच्या आजारात सर्व प्रकारची स्मृती एकाच वेळी नष्ट होत नाही. नुकत्याच घडलेल्या गोष्टींची स्मृती आधी क्षीण होते, तर तरुणपणीच्या आठवणी आणि हाताला लागलेल्या सवयी तुलनेने अधिक काळ टिकून राहतात. आजचा वार न सांगता येणारी आई पोळी सफाईने लाटू शकते, आणि सकाळचा नाश्ता झाल्याचे विसरलेले वडील लहानपणी पाठ केलेले स्तोत्र न अडखळता म्हणू शकतात. सहायक तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. टिकून राहिलेल्या सवयीला जोडलेले साधन वापरात येते. वापरासाठी नवे काही शिकावे आणि लक्षात ठेवावे लागणारे साधन बहुधा पडून राहते, कारण नवे लक्षात ठेवण्याची क्षमताच या आजारात सर्वप्रथम बाधित होते.

इतिहास

रोजनिशी, दिनदर्शिका, भिंतीवरच्या सूचना आणि उपरण्याला मारलेली गाठ ही स्मरणाला आधार देणारी जुनी साधने होत. इलेक्ट्रॉनिक साधनांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिज येथे बार्बरा विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेजरवर ठरलेल्या वेळी सूचना पाठवणाऱ्या न्यूरोपेज या प्रणालीचे परीक्षण केले. ते मुख्यतः मेंदूला इजा झालेल्या व्यक्तींवर झाले असले, तरी बाहेरून मिळणारी वेळेवरची सूचना क्षीण स्मृतीची भरपाई करू शकते, हे त्यातून दिसून आले.

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहाधारित स्थाननिर्धारण प्रणाली १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर अंगावर बाळगता येणारी स्थाननिदर्शक यंत्रे व्यवहार्य झाली. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी विकसित केलेला पारो हा सीलच्या पिल्लाच्या आकाराचा यंत्रमानव २००९ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय उपकरण म्हणून मान्य झाला. स्पर्शाला व आवाजाला प्रतिसाद देणारे हे यंत्र अस्वस्थ रुग्णांना शांत करण्यासाठी शुश्रूषागृहांत वापरले जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात सहायक तंत्रज्ञान उपलब्ध करून देणे हे सदस्य राष्ट्रांचे कर्तव्य मानले आहे. भारताने हा करार २००७ मध्ये मान्य केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० प्राधान्य साधनांची यादी प्रसिद्ध केली. चाकाची खुर्ची, चष्मा व श्रवणयंत्र यांच्याबरोबरच गोळ्यांची डबी, वेळेचे नियोजन करणारी साधने, सुलभ मोबाइल फोन, पडल्याची सूचना देणारी यंत्रे आणि स्थाननिदर्शक यांचा या यादीत समावेश आहे.

साधनांचे प्रकार

स्मरण व कालभान

दिवस आणि रात्र यांतील फरक न कळणे हे स्मृतिभ्रंशाचे एक सामान्य लक्षण आहे. त्यासाठी वार, तारीख आणि ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ असे शब्द ठळक अक्षरांत दाखवणारी घड्याळे वापरली जातात. वाचता येत असलेल्या व्यक्तीला मातृभाषेतील अक्षरे अधिक काळ उपयोगी पडू शकतात, त्यामुळे मराठी भाषकासाठी पडद्याची भाषा मराठी ठेवणे इष्ट असते. ध्वनिमुद्रित सूचना, मोबाइलमधील गजर आणि बोलून चालवता येणारे सहायक यांचाही उपयोग होतो. गूगल असिस्टंट या सेवेत २०१८ पासून मराठीचा समावेश आहे. तथापि यंत्राला हाक मारण्याचे ठरावीक शब्द लक्षात ठेवावे लागत असल्याने अशी सेवा प्रारंभिक टप्प्यापलीकडे फारशी उपयोगी पडत नाही. घरातील व्यक्तीच्या आवाजातील सूचना काहींना आश्वासक वाटते, तर काही जण आवाज ऐकून त्या व्यक्तीला घरभर शोधू लागतात.

औषधे

गोळी घेतल्याचे विसरून ती पुन्हा घेणे हे गोळी चुकण्याइतकेच धोकादायक असू शकते. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. वार व वेळ लिहिलेल्या खणांची डबी हे यावरचे सर्वांत स्वस्त साधन आहे. खण रिकामा दिसल्यास गोळी घेतली गेली असावी, असे देखभाल करणाऱ्याला कळते. स्वयंचलित डबीत ठरलेल्या वेळी एकच खण उघडतो, गजर वाजतो आणि गोळी न उचलल्यास नातेवाइकाच्या फोनवर सूचना जाते. अशी डबी गोळी हातात पडल्याचे सांगू शकते. ती पोटात गेली की नाही, हे सांगू शकत नाही.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

स्वयंपाकाचा गॅस चालू ठेवून विसरणे ही भारतीय घरांतील एक मोठी काळजी असते. गॅसगळती लक्षात यावी म्हणून घरगुती गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. परंतु अल्झायमरच्या आजारात वास ओळखण्याची क्षमता अनेकदा आधीच मंदावलेली असते. त्यामुळे गळतीची सूचना देणारा संवेदक उपयुक्त ठरतो. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने हा संवेदक जमिनीलगत बसवावा लागतो. ठरावीक वेळेनंतर गॅसचा पुरवठा आपोआप बंद करणाऱ्या झडपाही वापरल्या जातात. विजेवर चालणारी इंडक्शन शेगडी आपोआप बंद होऊ शकते, पण तिच्यावर ज्योत दिसत नसल्याने आयुष्यभर गॅसवर स्वयंपाक केलेल्या व्यक्तीला ती चालू आहे की बंद, हे उमगत नाही. अशा वेळी पर्यवेक्षणाखाली ओळखीचीच शेगडी वापरू देणे अधिक सुरक्षित ठरू शकते.

न्हाणीघरात पाण्याचे तापमान मर्यादित ठेवणारा गीझर, आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, हालचाल होताच लागणारा रात्रीचा दिवा आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी यांचा उपयोग होतो. आतून कडी लावून ती उघडायची कशी हे विसरल्यामुळे व्यक्ती अडकून पडू शकते.

भरकटणे आणि ठिकाण शोधणे

परिचित परिसरातही वाट चुकणे आणि घराबाहेर निघून जाणे हे कुटुंबीयांना सर्वाधिक घाबरवणारे लक्षण आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ या २०१३ च्या मराठी चित्रपटाचे कथानक याच प्रसंगावर आधारलेले आहे. त्यात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे वृद्ध विद्वान रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात.

दारावरचा संवेदक लोहचुंबक व विद्युत्‌कळ अशा दोन भागांचा असतो. दार उघडताच ते एकमेकांपासून दूर होतात आणि घंटा वाजते किंवा फोनवर सूचना येते. बाहेर गेलेल्या व्यक्तीचे ठिकाण कळण्यासाठी घड्याळात, लॉकेटमध्ये किंवा चपलेच्या तळव्यात बसवलेली स्थाननिदर्शक यंत्रे वापरतात. असे यंत्र किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे ठिकाण काढते आणि ते मोबाइल जाळ्यामार्फत कळवते. म्हणूनच उंच इमारतींच्या दाटीत किंवा छताखाली ठिकाण चुकू शकते, आणि मोबाइलचे जाळे नसलेल्या गावात किंवा घाटात ते कळवलेच जात नाही. यंत्र नियमितपणे भारित करणे हे काम देखभाल करणाऱ्यालाच करावे लागते.

विजेरी न लागणारे साधन म्हणजे क्यूआर संकेत कोरलेले पदक. जपानमधील इरुमा शहराने २०१६ मध्ये नखावर चिकटवता येणारे असे छोटे संकेत वापरात आणले. ते उपयोगी पडण्यासाठी मात्र भेटणाऱ्या अनोळखी व्यक्तीने थांबून ते तपासणे आवश्यक असते. कपड्याच्या आतील बाजूस शिवलेली नाव व दूरध्वनी क्रमांकाची पट्टी हे काम फोन नसलेल्या माणसासाठीही करते. ब्रिटनमधील पोलिसांनी रूढ केलेल्या हर्बर्ट प्रोटोकॉल या पद्धतीत व्यक्तीचे वर्णन, छायाचित्र, औषधे, जुने पत्ते आणि नेहमीची ठिकाणे यांची नोंद कुटुंबीय आधीच करून ठेवतात. हरवलेली व्यक्ती पुष्कळदा जुन्या घराकडे, पूर्वीच्या कामाच्या जागी किंवा नेहमीच्या देवळाकडे निघालेली असल्याने ही माहिती शोधाची दिशा ठरवते.

पडणे आणि दूरस्थ देखरेख

मनगटी घड्याळातील प्रवेगमापक अचानक झालेली वेगवान हालचाल व त्यानंतरची स्तब्धता यांवरून व्यक्ती पडल्याचा अंदाज बांधतो. खुर्चीवरून हळूच घसरणे त्याच्या लक्षात येत नाही, तर पलंगावर धपकन बसणे त्याला पडल्यासारखे वाटू शकते. संकटसमयी दाबायचे बटण गळ्यात असले, तरी ते कशासाठी आहे हे आठवले तरच दाबले जाते. त्यामुळे मध्यम टप्प्यानंतर आपोआप चालणारी साधने निवडावी लागतात. खोल्यांतील हालचालींचे संवेदक चित्र न टिपता दिनक्रमातील बदल दाखवतात, उदाहरणार्थ रात्री वारंवार उठणे किंवा सकाळी स्वयंपाकघरात न जाणे. लघवीच्या जंतुसंसर्गासारख्या विकाराची चाहूल अशा बदलांतून लागू शकते.

संवाद, विरंगुळा आणि आर्थिक व्यवहार

अंकांऐवजी नातेवाइकांची छायाचित्रे असलेले फोन, एकाच बटणावर सुरू होणारा चित्रसंवाद आणि कौटुंबिक छायाचित्रे दाखवणारी चौकट ही संपर्काची साधने आहेत. संगीताची स्मृती दीर्घकाळ टिकत असल्याने तरुणपणी ऐकलेली भावगीते, अभंग किंवा नाट्यपदे वाजवणारा साधा संच अनेकदा महागड्या उपकरणापेक्षा अधिक उपयोगी पडतो. आठवणींना चालना देणाऱ्या संभाषणासाठी जुनी छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे वापरली जातात.

दूरध्वनीवरून होणारी फसवणूक हा नवा धोका आहे. अनोळखी क्रमांक रोखणे, बँक व्यवहारांची दैनिक मर्यादा कमी ठेवणे आणि प्रत्येक व्यवहाराची सूचना विश्वासू नातेवाइकाच्या फोनवर मिळेल अशी व्यवस्था करणे हे त्यावरचे उपाय आहेत.

निवड आणि वापर

स्मृतिभ्रंशाचे सामान्यतः सौम्य, मध्यम आणि तीव्र असे तीन टप्पे मानले जातात. सौम्य टप्प्यात व्यक्ती स्वतः साधन हाताळू शकते आणि त्याविषयी मतही देऊ शकते. मध्यम टप्प्यात साधन आपोआप चालावे लागते. तीव्र टप्प्यात स्मरणाच्या साधनांचा उपयोग जवळजवळ संपतो. तेव्हा पलंगाची रचना, दाबव्रण टाळणारी गादी, ओळखीचे आवाज आणि स्पर्श यांना महत्त्व येते. निदान होताच साधनांची ओळख करून देणे म्हणूनच हितावह मानले जाते. अडचण अशी की, या काळात त्यांची गरज कुटुंबाला जाणवत नाही. पहिल्यांदा हरवल्यानंतर आणलेले घड्याळ व्यक्तीला अनोळखी वाटते आणि ती ते काढून टाकते.

साधन निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

• नेमकी अडचण. ‘विसरतात’ एवढे पुरेसे नसते. काय, कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी विसरतात, याची एक-दोन आठवडे नोंद ठेवल्यास गरज स्पष्ट होते.

• सवयीशी मेळ. देवपूजेनंतर चहा घेणाऱ्या व्यक्तीची गोळ्यांची डबी चहाच्या जागी ठेवल्यास ती लक्षात येण्याची शक्यता वाढते. आयुष्यभर मनगटावर घड्याळ बांधणाऱ्याला घड्याळाच्या रूपातील स्थाननिदर्शक चालतो, इतरांना तो ओझे वाटतो.

• दृष्टी आणि श्रवण. चष्म्याचा नंबर बदललेला असल्यास किंवा ऐकू येत नसल्यास कोणतीही सूचना पोहोचत नाही. श्रवणदोष व दृष्टिदोष हे स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे धोकेही मानले जातात. त्यामुळे डोळ्यांची व कानांची तपासणी ही पहिली पायरी असते.

• शिकवण्याची पद्धत. चुका होऊ न देता तीच कृती त्याच क्रमाने करून घेणे आणि वाढत्या अंतराने तिची उजळणी घेणे, या पद्धती सौम्य टप्प्यात उपयोगी पडतात. ‘आत्ताच सांगितले होते ना’ असे म्हणून चूक दाखवल्यास व्यक्ती साधनच टाळू लागते.

• एका वेळी एकच बदल. अनेक गजर एकाच वेळी वाजू लागल्यास त्यांचा अर्थ लागत नाही आणि अस्वस्थता वाढते. सायंकाळी ही अस्वस्थता मुळातच अधिक असू शकते.

• सूचनेला प्रतिसाद. सूचना कोणाच्या फोनवर जाईल आणि ती आल्यावर प्रत्यक्ष कोण पोहोचेल, हे आधी ठरलेले असावे लागते.

दूर राहणारी अपत्ये

नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी दूरस्थ देखरेख हा आई-वडिलांशी जोडलेला मोठा दुवा असतो. पुण्यात रात्री दोन वाजता दार उघडले गेल्यास न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. मुलगी जागी असल्याने तिला सूचना तत्काळ कळते, पण दाराशी ती पोहोचू शकत नाही. शेजारी, इमारतीचा रखवालदार, जवळ राहणारे नातेवाईक किंवा पगारी मदतनीस यांपैकी कोणाकडे तरी घराची किल्ली आणि रात्री उठून जाण्याची तयारी असणे हा या व्यवस्थेचा अविभाज्य भाग आहे. तो नसल्यास यंत्रामुळे मिळणारी माहिती केवळ काळजी वाढवते.

दूरस्थ साधनांमुळे कुटुंबातील नात्यांवरही ताण येऊ शकतो. कॅमेऱ्यातून काही मिनिटांचे दृश्य पाहणारे दूरचे अपत्य आणि अहोरात्र सोबत असणारी सून, मुलगी किंवा मदतनीस यांच्या अनुभवात मोठे अंतर असते. कॅमेऱ्याचा वापर देखभाल करणाऱ्यावर पाळत ठेवण्यासाठी होऊ लागल्यास विश्वास कमी होतो. दूरच्या व्यक्तीने औषधांची मागणी नोंदवणे, डॉक्टरांच्या भेटी ठरवणे, बँकेची कामे करणे आणि ठरलेल्या वेळी चित्रसंवादातून आई-वडिलांशी गप्पा मारणे अशी कामे वाटून घेतल्यास जवळच्या व्यक्तीला प्रत्यक्ष विसावा मिळतो.

परिणामकारकता

सहायक तंत्रज्ञानामुळे स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती स्वतःच्या घरात अधिक काळ राहू शकेल, अशी अपेक्षा दीर्घकाळ व्यक्त होत आली. इंग्लंडमध्ये अटिला या नावाने झालेल्या चाचणीत ती तपासण्यात आली. या चाचणीत ४९५ व्यक्तींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला गरजेनुसार ठरवलेला तंत्रज्ञानाचा संपूर्ण संच आणि दुसऱ्या गटाला मर्यादित, साधी साधने देण्यात आली. दोन वर्षांच्या पाठपुराव्यावर आधारित व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संपूर्ण संचामुळे शुश्रूषागृहात जाण्याची वेळ लांबल्याचे दिसून आले नाही.

या निष्कर्षाचा अर्थ सर्व साधने निरुपयोगी आहेत असा होत नाही. चाचणीत धूर व पाणी यांच्या सूचक यंत्रांसारखी मूलभूत साधने दोन्ही गटांना उपलब्ध होती, आणि एखाद्या विशिष्ट साधनाने विशिष्ट अडचण सुटते का, हा तिचा मुख्य प्रश्न नव्हता. अधिक साधने म्हणजे अधिक स्वावलंबन, हे समीकरण मात्र तिने प्रश्नांकित केले. शुश्रूषागृहे मोजकी असलेल्या भारतासारख्या देशात परिणामकारकतेचा निकषही वेगळा ठरतो. देखभाल करणाऱ्याची झोप, चिंता आणि स्वतःसाठी मिळणारा वेळ यांत पडणारा फरक येथे अधिक अर्थपूर्ण असतो.

संमती, खासगीपणा आणि प्रतिष्ठा

स्थाननिदर्शकामुळे वडिलांना एकट्याने फेरफटका मारता येतो, आणि त्याच यंत्रामुळे त्यांचे प्रत्येक पाऊल दुसऱ्याला दिसते. सुरक्षितता व स्वातंत्र्य यांतील हा तणाव या विषयातील सर्वांत वादग्रस्त मुद्दा आहे. निदान झाले म्हणजे व्यक्तीची निर्णयक्षमता संपली, असे मानणे चुकीचे आहे. एखाद्या व्यक्तीला आर्थिक व्यवहार कळत नसतील, तरी शयनगृहात कॅमेरा नको, हे ती ठामपणे सांगू शकते. म्हणून सौम्य टप्प्यातच पुढील काळासाठी तिच्या इच्छा विचारून नोंदवून ठेवण्याची शिफारस केली जाते. तोंडी संमती देता येत नसलेल्या टप्प्यावर यंत्र पुन्हा पुन्हा काढून फेकणे ही नापसंती मानली जाते आणि तिची दखल घेणे अपेक्षित असते.

कॅमेरा, चित्र न टिपणारा संवेदक आणि केवळ दाराची घंटा यांपैकी गरज भागवणारे सर्वांत कमी हस्तक्षेपाचे साधन निवडावे, असे तत्त्व सामान्यतः सांगितले जाते. व्यक्तीला आत डांबण्यासाठी तंत्रज्ञान वापरणे धोकादायकही असते, कारण आग लागल्यास कुलूपबंद दार जिवावर बेतू शकते. पारोसारख्या यंत्रमानवांविषयी असा आक्षेप घेतला जातो की, व्यक्ती त्यांना सजीव समजत असल्यास ती एक प्रकारची फसवणूक ठरते. समर्थकांच्या मते मिळणारा दिलासा खरा असतो आणि तोच महत्त्वाचा आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत दिशाभान व स्मृती यांच्या गंभीर विकारांचा उल्लेख आहे. या कायद्यानुसार व्यक्ती आपल्या उपचारांविषयी आगाऊ निर्देश देऊ शकते आणि प्रतिनिधी नेमू शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या वापराला लागू होत नाही. त्यामुळे मुलाने आईच्या खोलीत बसवलेल्या कॅमेऱ्याचा प्रश्न मुख्यतः कुटुंबाच्या विवेकावर राहतो. उपकरणामागील कंपनी ती माहिती कशी साठवते व कोणाला देते, हा प्रश्न मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येतो.

भारतातील स्थिती

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झाली. जनजागृती, दिवसपाळीची केंद्रे आणि कुटुंबीयांचे प्रशिक्षण ही तिची प्रमुख कामे आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्यातून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, कुबडी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा व दातांची कवळी अशी साधने मोफत दिली जातात. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साधनांच्या खरेदीसाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. या योजनांचा भर शारीरिक अक्षमतेच्या साधनांवर आहे. स्मरणाच्या व भरकटण्यासंबंधीच्या साधनांचा खर्च सामान्यतः कुटुंबालाच करावा लागतो.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेली-मानस सेवा आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये काळजीवाहकांसाठी आयसपोर्ट हा ऑनलाइन प्रशिक्षणक्रम सुरू केला.

ग्रामीण भागात वीजपुरवठ्यातील खंड, इंटरनेटची अनिश्चितता आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचा अभाव या मोठ्या अडचणी आहेत. वाढत्या वयात विसरभोळेपणा यायचाच, या समजुतीमुळे निदानही उशिरा होते आणि साधने स्वीकारण्याचा सौम्य टप्पा निघून जातो. दुसऱ्या बाजूने, वाडी-वस्तीवर एकमेकांना ओळखणारे लोक असतात. आजाराविषयी मोकळेपणाने सांगितल्यास किराणा दुकानदार, रिक्षाचालक, एसटी स्थानकावरील कर्मचारी आणि देवळातील पुजारी हे वाट चुकलेल्या व्यक्तीला घरी पोहोचवू शकतात. लोकलज्जेमुळे आजार लपवला गेल्यास ही मदत मिळत नाही.

हेही पाहा

• अल्झायमरचा आजार
• स्मृती
• वार्धक्य
• जागतिक आरोग्य संघटना
• अस्तु (चित्रपट)